रायफल जड झाली

शनिवार, ४ मार्च २००६

काल संध्याकाळी क्लबात क्लॅरीच्या दहा छर्ऱ्यांपैकी सहाच वेळा घंटा वाजली. सव्वीस वर्षं मी निशाणाच्या पत्र्याजवळ बसते आहे, पण त्याच्या सहाच घंटा कधी ऐकल्या नव्हत्या. एरवी नऊ वाजल्या तरी तो घरी येईपर्यंत बोलत नाही.

काल मात्र सारखा बोलत होता. "रायफलच गेली," कोल मॅकअलिस्टरला म्हणाला, "अडुसष्ट सालची आहे. किती दिवस चालणार?"

कोल म्हणाला, "मला वाटलं घंटा गेली. मी म्हटलं, नोएला तिकडे पेंगतेय की काय."

"मी जागीच होते," मी म्हणाले. छिद्राभोवती उठलेले काळे डाग मी स्वतः मोजले होते. छर्रा छिद्रातून गेला तर मागची घंटा वाजते, नाही गेला तर पत्र्याच्या पांढऱ्या रंगावर डाग उमटतो; छिद्राला लागून असेल तर चार गुण, जरा लांब असेल तर तीन. मी गुण ओरडून सांगते आणि वर पांढऱ्या रंगाचा ब्रश फिरवते. एवढंच माझं काम. काल ब्रश फार चालला.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी जिल्ह्याच्या ढालीची स्पर्धा आहे. संघात सहा जण असतात आणि जूनअखेरच्या गुणांवरून ते ठरतात. चौतीस वर्षं पहिला छर्रा क्लॅरीच मारतो. परत येताना गाडीत म्हणाला, "नवी घ्यायची. नीट बघून, घाई न करता घ्यायची. पण जूनच्या आत."

आम्ही लग्नानंतर घर बांधलं तेव्हा तो असंच म्हणाला होता. घाई करायची नाही, पण पावसाच्या आत.

बुधवार, ८ मार्च

सकाळी मागच्या ओसरीत तो रायफल पुसत बसला होता. ती भरायची म्हणजे बाजूचा दांडा मागे ओढायचा आणि परत मिटायचा. त्याला तो दोन हातांनी ओढावा लागला. "बघ," म्हणाला, "किती कडक झालाय. आतली स्प्रिंग आखडली असणार."

त्याने बाही वर केली होती. दंडाची कातडी आपोआप थरथरत होती. माशी बसली की आमच्या दुधाच्या गाई पाठ थरथरवायच्या, अगदी तशी. मी माशी उडवायला हात पुढे केला, पण माशी नव्हतीच. गेला आठवडाभर कुंपणाच्या तारा ओढतोय, मीठ कमी पडलं असेल. उद्यापासून रोज दोन केळी देते.

गुरुवार, १६ मार्च

व्हर्न क्लाइनच्या दुकानी जाऊन आलो. जायला दीड तास लागला, मी चालवली. डाव्या पायातली चप्पल सारखी निसटते म्हणून क्लॅरीने आज बूट घातले होते आणि बुटाने क्लच नीट दाबला जात नाही म्हणाला.

व्हर्न आमच्याच वयाचा. त्याच्या बापाकडून क्लॅरीने ही जर्मन रायफल घेतली होती. दुकानात अजून तेलाचा आणि जुन्या लाकडाचा तोच वास येतो. आमचं लग्न ठरलं त्या वर्षी मी इथे बाहेरच्या बाकावर दोन तास बसले होते आणि क्लॅरी आत रायफली खांद्याला लावून बघत होता. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर कोलुम्बा म्हणायच्या, मुलींनो, पुरुषाची पारख करायची तर तो वाट कशी बघतो ते बघा. मला वाट बघायला लावणाऱ्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

"काय झालंय तिला?" व्हर्नने विचारलं.

"दांडा कडक झालाय, चाप कडक झालाय, आणि जड झालीय," क्लॅरी म्हणाला.

"जड झालीय?"

"हसू नकोस. मी धरतो, मला कळतं."

व्हर्नने ती काट्यावर ठेवली. "पाच किलोला थोडी कमी. बाबांच्या वहीत असेल तेवढीच." मग दांडा दोनदा मागेपुढे केला. "स्प्रिंग म्हातारी झाली की ढिली पडते, क्लॅरी. माझ्यासारखी. कडक झालेली मी एकही बघितली नाही."

"मग ही पहिली."

काटा पोत्यांचा होता, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार. आणि व्हर्न काही रोज ही रायफल हाताळत नाही.

मग त्याने एकेक बाहेर काढल्या. आधी म्हणाला, "डोळे मीट. खांद्याला लाव, सैल उभा राहा. आता उघड. नळी कुठे बघतेय? तू जिथे बघतोयस तिथेच बघत असेल तर ती तुझी. नसेल तर कितीही देखणी असो, ती दुसऱ्याची. लोक नळी बघून भुलतात. बघायचा असतो दस्ता. तो गालाला आणि खांद्याला बसला पाहिजे. बायका नवरा निवडताना चेहरा बघतात, तसलाच हा प्रकार."

"हिने चेहराच बघितला," क्लॅरी म्हणाला.

"तरीच फसली."

मला हे ऐकायला बरं वाटत होतं. तिघंही जरा तरुण झाल्यासारखे झालो.

पहिली स्प्रिंगचीच, आमच्यासारखी. ती क्लॅरीने लगेच खाली ठेवली. दुसरी हाताने एकदा पंप मारून भरायची. पंप अर्ध्यावर अडकला. तिसरीत नळीखाली दाबलेल्या हवेचं नळकांडं होतं, त्यामुळे ओढाताणच नाही, एका बोटाने उघडते. व्हर्न म्हणाला, नळकांड्यावर ठोकलेली तारीख आधी बघायची, ती उलटली असेल तर रायफल फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. आणि छर्रे तीन-चार प्रकारचे मारून बघायचे, कारण प्रत्येक नळीला आपला छर्रा आवडतो. हे सगळं मी मागच्या पानावर उतरवून घेतलं.

तिसरी चांगली होती, पण जड. चौथी ॲल्युमिनियमच्या दस्त्याची, तीही हवेची. ती क्लॅरीने उचलली तेव्हा डावा हात कापत होता, आधीच्या तिन्ही उचलून दमला होता. चाप त्याला कडक वाटला. व्हर्नने बारीक किल्लीने तो सैल केला, परत सैल केला, आणि म्हणाला, "आता याहून हलका केला तर तू शिंकलास तरी सुटेल."

क्लॅरीने बोट लावलं. सुटायला वेळ लागला.

"हीच," तो म्हणाला, "हीसुद्धा जराशी जडच आहे. पण हीच."

व्हर्न माझ्याकडे बघत होता. "माझ्याकडची ही सगळ्यात हलकी आहे, नोएला," तो म्हणाला. मी म्हणाले, मग बरंच झालं की.

अर्धे पैसे भरून ती बाजूला ठेवायला सांगितली. पोलिसांकडून खरेदीची परवानगी आली की घेऊन जायची.

शनिवार, १५ एप्रिल

काल गुड फ्रायडे. मी मासा भाजला होता, काटे काढून. तरी क्लॅरीला घास लागला आणि बराच वेळ ठसका जाईना. चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर त्याला उठता आलं नाही. पुढच्या बाकाची पाठ धरून उठला, सगळे उठल्यावर, जणू जास्त प्रार्थना करायची होती. मला त्याचं कौतुक वाटलं. मग त्याचा चेहरा बघितला आणि कौतुक थांबवलं.

परवानगीचा अर्ज परत आला. सही लायसन्सवरच्या सहीशी जुळत नाही म्हणे. क्लॅरी चिडला. "पोलिसांनी माझी सही मला शिकवायची?" परत केली. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. लायसन्सवरची सही तिरकी, ऐटबाज. आत्ताची लहान पोराने काढल्यासारखी. पेन खराब होतं.

अर्जात कारण लिहायचं असतं. मी माझ्या कॉन्व्हेंटच्या अक्षरात लिहिलं: जुनी रायफल निकामी झाल्यामुळे.

शनिवार, २० मे

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहिते.

गेले पाच शुक्रवार मी खोटे गुण सांगते आहे. घंटा खोटी वाजवता येत नाही, पण डाग मलाच दिसतो. तिनाचा डाग असला की मी चार म्हणते आणि लगेच ब्रश फिरवते. ओला पांढरा रंग वर चढला की विषय संपला, देवालासुद्धा तो उकरून बघावा लागेल. इतक्या वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या शुक्रवारीही त्याला दोन गुण कमी पडले तर तसेच सांगितले होते, आणि तो त्याबद्दल सगळ्यांना अभिमानाने सांगायचा.

नवी रायफल येईपर्यंतच करायचं, असं मी स्वतःला सांगते. तोवर त्याची जागा टिकावी एवढंच. एकदा ती हलकी रायफल हातात आली की मला काही करावं लागणार नाही.

काल तर वाढवूनसुद्धा तो पाचवा आला.

अर्ज दुसऱ्यांदा परत आला. परत सहीच.

मंगळवार, ३० मे

व्हर्नचा फोन. क्लॅरी अंघोळीला गेला होता. हल्ली त्याला बटणं लावायला वेळ लागतो म्हणून अंघोळ लांबते.

व्हर्न म्हणाला, "नोएला, मी दुकानदार आहे, मी हे बोलायला नको. पण उरलेले पैसे भरण्याआधी एक कर. जुनी रायफल दुसऱ्या कुणाला तरी मारायला दे. दहाच छर्रे. मी सगळ्यांना हेच सांगतो. नवी घेण्याआधी जुनी खरंच वाईट आहे का ते दुसऱ्या हाताने बघायचं."

मी म्हणाले, "तुला माहीत आहे ना व्हर्न, आमच्याकडे दुसऱ्याच्या रायफलीला कोणी हात लावत नाही."

"माहीत आहे. दात घासायचा ब्रश आणि रायफल."

"मग?"

"मग काही नाही. त्याचं जेवण कसं आहे?"

हा प्रश्न मला विचित्र वाटला. म्हणाले, बारीक झालाय, पण मे-जूनच्या हिवाळ्यात होतोच.

क्लॅरीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "व्हर्नला विकायची नाहीये की काय?" आणि रायफल पुसायला घेतली.

रविवार, १८ जून

चर्चनंतर कोल घरी आला. एकटाच, टोपी हातात घेऊन. कोल टोपी काढतो तो फक्त दफनाच्या वेळी, त्यामुळे चहा ओतताना मला बरं वाटेना.

तो क्लबचा सेक्रेटरी आहे. गुणांचा तक्ता त्याच्याकडे असतो.

"क्लॅरी," तो म्हणाला, "तू सातवा आहेस."

"रायफल यायचीय."

"मला माहीत आहे. म्हणून तिसाव्या तारखेपर्यंत थांबतो. शेवटचा शुक्रवार. त्या दिवशी सात घंटा वाजव, मी बाकीच्यांना सांभाळून घेतो."

"सात? मला सात मागतोस तू?"

"नऊ मागू का? माझं काय जातंय."

क्लॅरी हसला. हल्ली हसायला लागला की त्याला थांबता येत नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतो. कोल खाली चहाकडे बघत बसला. जाताना फाटकाशी मला म्हणाला, "नोएला, तू गुण बरोबर सांगतेस ना?"

मी म्हणाले, "सव्वीस वर्षं सांगतेय."

"हो," तो म्हणाला. "तेच."

त्याने टोपी घातली आणि गेला.

शनिवार, १ जुलै

काल जे झालं ते क्रमाने लिहिते.

नवी रायफल आली नाही. परवानगीच आली नाही. आम्ही चार वाजताच क्लबच्या हॉलवर गेलो, बाकीचे येण्याआधी क्लॅरीला सराव करायचा होता. किल्ली कोलकडे असते, तो आधीच येऊन शेगडी पेटवत होता. मी माझ्या जागी बसले, पत्र्याच्या बाजूला, लोखंडी आडोशामागे. नवा पांढरा रंग लावला.

पहिला छर्रा भरायला क्लॅरीने दांडा ओढला. तो आला, पण मिटेना. त्याने रायफल मांडीत धरून दोन्ही हातांनी दाबली. मग गुडघ्याने. मी आडोशाच्या फटीतून बघत होते. कोल शेगडीशी पाठ करून उभा राहिला, मुद्दाम. शेवटी क्लॅरीने रायफल टेबलावर ठेवली, तशीच उघडी. "गाडीत डबा राहिला," म्हणाला आणि बाहेर गेला. छर्ऱ्यांचा डबा टेबलावरच होता.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

मी उठून टेबलाशी आले. ती तशी उघडी बघवेना, एवढंच. लग्नाला अडतीस वर्षं झाली पण तिच्या दांड्याला मी कधी हात लावला नव्हता. पुसायला फडकं आणून द्यायचे, ते त्याच्या हातात. काल मी दांडा धरला आणि मिटला.

तो मिटला. फ्रिजचं दार लावावं तसा.

मला वाटलं काही तरी चुकलं. परत ओढला. एका हाताने. माझं वय एकसष्ट, माझ्या मनगटात संधिवात आहे, बरणीची झाकणं मी क्लॅरीकडून उघडून घेते. म्हणजे घ्यायचे. कधीपासून घेणं बंद झालं ते मला आठवेना. ओढला, मिटला. ओढला, मिटला.

"कोल," मी म्हणाले.

"बघतोय मी."

"तू मार."

"त्याची आहे ती."

"मार तू. व्हर्न म्हणालाय. नवी घेण्याआधी बघायचं असतं."

कोलने शेगडीचं झाकण लावलं. मग त्याने बाह्या सारख्या केल्या, जणू चर्चमध्ये वाचायला उभा राहतोय, आणि रायफल उचलली. मी आडोशामागे गेले. हे माझं काम आहे, ते मला येतं.

पहिली घंटा वाजली. मी ब्रश उचलला आणि खाली ठेवला, पुसायला काही नव्हतं. दुसरी. तिसरी. मी देवाला म्हणत होते, एक तरी चुकव. एक डाग दे. नळी जराशी वाकडी असू दे, स्प्रिंग खराब असू दे, तुझ्यासाठी काय अवघड आहे? सातवी. आठवी. आजवर ज्या आवाजासाठी मी तिथे कान देऊन बसत आले, तो आवाज मला नकोसा झाला. कोल काही फार मोठा नेमबाज नाही. त्याने आयुष्यात तीनदा दहा मारल्या असतील.

दहावी वाजली. पत्रा मी रंगवला होता तसाच पांढराशुभ्र होता.

कोलने रायफल ठेवली आणि म्हणाला, "चुकवायचा प्रयत्न केला मी, नोएला. शेवटच्या दोन. हात ऐकेना."

मी बाहेर गेले. क्लॅरी गाडीत, माझ्या बाजूच्या सीटवर बसला होता. काच खाली होती. हॉलच्या लाकडी भिंतींतून सगळं ऐकू जातं.

"कोल का?" त्याने विचारलं.

"हो."

"दोन छर्ऱ्यांत फार वेळ घेतो. तेव्हाच कळलं." मग म्हणाला, "दहा."

"हो."

"माझ्याच छर्ऱ्यांनी?"

"हो."

समोर शेंगदाण्याच्या कारखान्याच्या टाक्यांवर ऊन उतरत होतं. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, तळवे वर करून, एखादी वस्तू परत करायला आणल्यासारखे. अंगठ्याखालचा फुगीर भाग गेला होता. तिथे खड्डा होता. रोज मी त्या हातात कप देते.

"घरी चल," तो म्हणाला. "मंडळी यायच्या आत."

सोमवार, ३ जुलै

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी चप्पल, बटणं, ठसका, हसणं, सगळं विचारलं. मी सगळ्याची उत्तरं लगेच दिली, तारखांसकट. डॉक्टर म्हणाले, तुम्ही फार बारीक लक्ष ठेवलंय, मिसेस फॅरेली. घरी येऊन मी ही वही मागून पुढे वाचली.

गुरुवार, २७ जुलै

ब्रिस्बेन. सुया टोचून तपासलं, यंत्रातून काढलं. मोठा डॉक्टर तरुण आहे. खुर्ची ओढून क्लॅरीच्या समोर बसला. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत जातात. मोटर न्यूरॉनचा आजार. औषध नाही. दोन वर्षं, कदाचित तीन.

क्लॅरीने विचारलं, "मार्चमध्ये आलो असतो तर?"

"फरक पडला नसता."

तो डॉक्टर दयाळू होता आणि कदाचित खरंही बोलत होता. मी एप्रिलपासून तिनाचे चार करत आले आहे, मला हल्ली गुण ऐकून खरे-खोटे कळत नाहीत.

गाडीत क्लॅरी म्हणाला, "गावात सांगायचं नाही. खांदा धरलाय म्हणायचं."

मी बरं म्हणाले.

शुक्रवार, २८ जुलै

टपालाने खरेदीची परवानगी आली. तिसऱ्या अर्जाची सही चालली. ती मी केली होती.

व्हर्नला फोन करायला गेले, तर क्लॅरी म्हणाला, फोनवर नको, समोर सांगतो. गेलो. दुकानात शिरताना त्याने माझा दंड धरला होता, पण दारातून आत पाऊल टाकताना सोडला.

"व्हर्न, ती नको," तो म्हणाला. जीभ आता जराशी अडखळते. "विचार केला. जडच आहे ती."

व्हर्नने काऊंटरवरचा कागद उलटा केला, परत सुलटा केला. "बरं झालं तूच बोललास," तो म्हणाला. "बरेच जण तेच म्हणतात. मी कंपनीला कळवणारच होतो. त्या दस्त्यात काही तरी चुकलंय."

"मला तेव्हाच वाटलं."

"तुला कळणारच. तू धरतोस ती."

खोटं बोलणं हे पाप आहे, लहान असो वा मोठं, असं सिस्टर कोलुम्बांनी माझ्याकडून शंभर वेळा लिहून घेतलं होतं. व्हर्नच्या खोट्यासाठी मी काल आणि आज मिळून पहिल्यांदाच देवाचे आभार मानले.

रविवार, ६ ऑगस्ट

ढाल गेली. चौथे आलो. क्लॅरी शेवटच्या रांगेत बसून प्रत्येकाच्या घंटा मोजत होता. मी पत्र्याजवळ बसले नाही. कोलला खोट्या गुणांचं सांगितलं होतं. तो म्हणाला, "तक्ता मी फाडला, नोएला. आता शांत बस." पण जागा दुसरीला दिली. बरोबरच केलं.

शनिवार, १४ ऑक्टोबर

क्लॅरीचं लायसन्स त्याने स्वतः परत केलं. माझ्याकडे नाही. म्हणजे रायफल घरात ठेवता येत नाही. गेला महिनाभर व्हर्नच्या तिजोरीत होती. त्याने गिऱ्हाईक पाठवलं: किरा वॉल्श, बावीस वर्षांची, गुरांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करते. आज व्हर्न स्वतः रायफल आणि तिला दोघांना घेऊन हॉलवर आला. क्लॅरीला बघायचं होतं, म्हणून चाकाच्या खुर्चीतून नेलं.

मुलगी हुशार. आधी डोळे मिटून खांद्याला लावली, मग उघडले. दस्त्यावरचा गालाचा डाग अंगठ्याने चाचपला. बुटाच्या नाडीसारखी बारीक मोजपट्टी आणली होती, तिने दस्त्याची लांबी मोजली. दांडा ओढला, कानाशी धरून मिटला. दहा छर्रे मारले, पाच घंटा वाजल्या. उरलेल्या डागांकडे तिने स्वतः जाऊन बघितलं, सगळे एकाच बाजूला, जवळजवळ. "हे माझे," म्हणाली, "तिचे नाहीत."

क्लॅरीने मान हलवली. त्याला ती आवडली.

मग ती येऊन त्याच्या खुर्चीसमोर खाली बसली. खुर्चीतल्या माणसाशी बोलताना लोक माझ्याकडे बघतात. ती त्याच्याकडे बघत होती. "मिस्टर फॅरेली, माझे बाबा म्हणतात जुनी वस्तू घेताना एक प्रश्न विचारायचाच. रागावू नका. इतकी चांगली आहे तर का विकताय? काय खोट आहे?"

क्लॅरीने तोंड उघडलं. खांदा, तो म्हणणार होता. गावात सगळ्यांना आम्ही तेच सांगतो, आणि सगळे ऐकून घेतात, आणि कोणीच दुसरा प्रश्न विचारत नाही. पण शब्द बाहेर येईना. तो माझ्याकडे बघायला लागला. व्हर्न खिडकीकडे वळला.

"रायफलीत काही खोट नाही," मी म्हणाले. "एवढीशीही नाही. याच्या हातातली ताकद गेली. मोटर न्यूरॉन म्हणतात. आधी आम्हाला वाटलं रायफल बिघडली. ती बिघडली नव्हती. ताकद आता परत येणार नाही."

हे मी त्याच्यासमोर पहिल्यांदा बोलले. कुणाच्याही समोर पहिल्यांदा. माझा आवाज गुण सांगतानाचा होता, हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा.

किरा म्हणाली नाही की अरेरे, किंवा देव बरं करेल. तिने क्लॅरीच्या हाताकडे बघितलं, गुरांच्या डॉक्टरकडे काम करणारी मुलगी बघेल तसं, नीट. "बरं," ती म्हणाली. "मग मी घेते."

क्लॅरी काही तरी म्हणाला. तिला समजलं नाही. मी वाकले.

"परवानगीला किती दिवस लागतात, विचारतोय," मी सांगितलं.

"महिना," व्हर्न म्हणाला. "नाताळ आला की कधी दोन."

क्लॅरीने परत बोलायला सुरुवात केली. तिघंही थांबलो. त्याला पाच शब्दांना फार वेळ लागला, आणि या वेळी ते सगळ्यांना समजले.

"अर्ज उद्याच टाक. मला बघायचंय."

उद्या रविवार आहे. ती म्हणाली, सोमवारी कचेरी उघडायच्या आधी मी दाराशी उभी असेन.